लाल पट्ट्याखालचं पाणी

सातपुड्याचं शेपूट आमच्या गावाशी येऊन संपतं, असं मी हिंगणघाटच्या शाळेत आयुष्यभर मुलींना सांगत आले. मुली हसायच्या, आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी "बाई, शेपूट नको, उपरांग म्हणा" असं सुचवलंही होतं. मी शेपूटच म्हणत राहिले. साहेबांनी आष्टीकडून तळेगावकडे एकदा पायी यावं, म्हणजे त्यांना कळेल. मोठे डोंगर मागे राहतात, मग माथा रंध्याने तासल्यासारख्या सपाट, लांबट टेकड्या लागतात, त्या एकामागे एक ठेंगण्या होत जातात, आणि शेवटची तर काळ्या रानात चक्क बसून जाते. त्या शेवटच्या टेकडीला आम्ही भिवसन देवाच्या नावावरून भिवसनची टेकडी म्हणायचो. तिच्या पायथ्याशी गाव, गावाच्या अगदी वरच्या टोकाला आमचं घर, आणि घरामागे बरडाच्या उतारावर मायची भाजीची वाडी. बरड म्हणजे खडकाळ, वीतभर मातीची जमीन. काळी कसदार जमीन खाली, मोठेबाबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाकडे. बरड वर, आमच्याकडे. अशी वाटणी का झाली हे मला कोणी सांगितलं नाही. पण टेकडीकडे तोंड करून वाढायचं माझ्या वाट्याला आलं ते त्या वाटणीमुळेच, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

ही टेकडी लांबून पाहिली तर भाकरीच्या चवडीसारखी दिसते. एकावर एक थर, आणि थराथराला पायरी. काळ्या कातळाचा उभा कडा, त्याच्याखाली हात-दीड हात रुंदीचा लाल मातीचा पट्टा, त्याच्याखाली जाळीजाळीचा, भोकाभोकांचा दगड, आणि मग पुन्हा काळा कातळ. त्या जाळीच्या दगडातून पांढरे चकचकीत खडे निसटून खाली पडायचे; आम्ही पोरी ते वेचून बिट्ट्या खेळायला आणायचो. हे असं का, ते मला पुष्कळ पुढे कॉलेजात कळलं. फार फार पूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला, मैलोन्‌मैल पसरला आणि थिजला. थिजताना त्यातली वाफ वरच्या अंगाला अडकली, म्हणून प्रत्येक थराचा माथा जाळीदार. मग बराच काळ सगळं शांत राहिलं. तेवढ्यात वरचा दगड कुजून त्याची माती झाली, तिच्यात झाडंझुडपंही आली असतील. पुन्हा नवा रस आला आणि त्याने त्या मातीला भाजून काढलं. भाजलेली माती लाल होते, हे वीटभट्टी पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तळेगावच्या घाटात रस्ता रुंद करताना अलीकडे डोंगर उभा कापला आहे, तिथे हे सगळं उघडं पडलं आहे. गावाहून नागपूरला जाताना मी नातवाला गाडी थांबवायला लावते आणि उतरून पाहते. नातू म्हणतो, आजी, किती वेळा पाहशील? मी म्हणते, तू मोबाईल किती वेळा पाहतोस?

तर आमचं घर. बाबा आणि मोठेबाबा यांच्या चुली वेगळ्या होत्या, मधली भिंत होती, पण हुकूम एकच चालायचा आणि तो भिंतीपलीकडून यायचा. मोठेबाबा तरुणपणी आष्टीच्या बेचाळीसच्या मोर्च्यात होते. दर पंधरा ऑगस्टला ते ओट्यावर बसून ती हकिकत सांगायचे आणि शेवटी छातीवर हात आपटून म्हणायचे, "गोऱ्याच्या राजाले भेलो नाई, बाप्पा! कोणाच्याच बापाले भेलो नाई!" ती हकिकत मला फार आवडायची. मी इतक्या वेळा ऐकली होती की ते मध्ये थांबले तर पुढचं वाक्य मी सांगायची. बाबा अगदी उलटे. तंबाखूची चिमूट गालात धरून ते दिवसच्या दिवस काही न बोलता काढू शकत. आणि माय भासऱ्यांसमोर, म्हणजे मोठेबाबांसमोर, डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचीही नाही. काही सांगायचं झालंच तर भिंतीला सांगायची. मोठेबाबा समोर बसलेले असले तरी भिंतीकडे तोंड करून, "म्हणा, जेवाले वाढलं आहे." भिंतीने कधी उत्तर दिलं नाही, पण मोठेबाबा उठून हात धुवायचे.

मायचा जीव वाडीत होता. वांगी, मेथी, चवळीच्या शेंगा, मिरच्या, आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबीर म्हटलं तर लोक तुमच्याकडे पाव्हण्यासारखं बघतात. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी माय जुड्या बांधायची, ओल्या फडक्यात ठेवायची, आणि सगळं घर त्या वासाने भरून जायचं. उरलेल्या काड्यांच्या सांभारवड्या व्हायच्या, वांगी चुलीतल्या निखाऱ्यावर भाजून त्यात कच्चं तेल आणि कांद्याची पात पडायची, आणि ज्वारीची भाकर तव्यावरून थेट ताटात. पण हे सगळं दिवाळीपासून होळीपर्यंत. त्या वाडीला पाणी नव्हतं. नाल्यातल्या झिऱ्यातून माय घागरी आणायची, एक डोक्यावर, एक कंबरेवर, आणि उतार चढून येताना तिच्या तोंडातून एक बारीक हुंकार निघायचा. तो आवाज माझ्या बालपणाचा आवाज आहे. चैत्र लागला की झिरा आटायचा आणि वाडी करपायची. उन्हाळ्यात ज्याच्या पाटीत हिरवा सांभार असतो त्याची तळेगावचा बाजार वाट पाहतो, हे ती दरवर्षी म्हणायची. दरवर्षी बाबा तंबाखू मळायचे.

शेवटी एका वर्षी बाबांनी तोंड उघडलं आणि वाडीत विहीर खणायचं ठरलं. मोठेबाबांनी परवानगी दिली, पण अटीवर. पाणी लागलं तर वाडी मायची. नाही लागलं तर वाडी मोडायची आणि ती जागा त्यांच्या गोठ्याला द्यायची, म्हणजे मायने त्यांच्या खालच्या शेतात निंदायला जायचं. मायने भिंतीकडे पाहून मान हलवली. मी तेव्हा मॅट्रिकला होते.

आता मला त्या कोपऱ्याबद्दल लिहिलं पाहिजे, कारण त्या कोपऱ्याशिवाय पुढचं काही घडलं नसतं. कावळा शिवला की आमच्याकडे पोरीने घराच्या मागे, गोठ्याच्या टोकाला बसायचं. एक गोधडी, एक जर्मनचं ताट, एक लोटा. माय भाकर लांबून ताटात टाकायची, आणि टाकताना माझ्याकडे न बघता गाईकडे बघायची. पुस्तकाला हात लावायचा नाही, कारण ती सरस्वती. पाण्याला हात लावायचा नाही, झाडाला नाही, लोणच्याला तर नाहीच. मग करायचं काय? समोर टेकडी होती. मी टेकडी बघायची. सकाळची, दुपारची, ऊन कलतानाची. महिन्यामागून महिने, पावसात, थंडीत, वैशाखात. दुसऱ्या कुणाला एवढा वेळ एका टेकडीकडे बघायची मोकळीक मिळाली असेल असं मला वाटत नाही. बाप्ये कामात, बायका कामात, गुराखी गुरांमागे. ज्यांनी मला तिथे बसवलं त्यांनीच मला भूगोल शिकवला, असं मी निवृत्तीच्या समारंभात बोलले होते, तेव्हा सभागृहात जरा चुळबूळ झाली होती. मला तीच हवी होती.

काय दिसायचं ते सांगते. वैशाखात सगळी टेकडी करपून तपकिरी होते. पण त्यातही दोन हिरव्या रेघा राहायच्या, एक वर, एक खाली. उंबर, जांभूळ आणि कसलीकसली झुडपं. टेकडीवर लाल पट्टेही दोनच होते, आणि प्रत्येक हिरवी रेघ बरोबर एकेका लाल पट्ट्याच्या खाली, जाळीच्या दगडात. खालच्या रेघेत एका ठिकाणी दगडातून ऐन उन्हाळ्यातही पाणी ठिबकायचं. त्याला सगळे भिवसनची धार म्हणायचे, नारळ फोडायचे आणि घरी जायचे. मला गोठ्यात बसून एकच प्रश्न पडायचा की देवाची असो की कुणाची, ती धार लाल पट्ट्याच्या खालीच का, वर का नाही? लाल मातीला हात लावला की ती चिकट, घट्ट. तिच्याखालचा दगड भोकाभोकांचा. पाणी राहणार कुठे, हे काय अवघड आहे? आणि दुसरं असं, की चवडीत वर जशा भाकरी असतात तशाच खालीही असतात. टेकडी जमिनीला टेकली म्हणून तिथे संपत नाही. ती तशीच थराथराने खाली चालू असते. ही दोन वाक्यं म्हणजे माझं सगळं शास्त्र. पुढे जी काही पुस्तकं वाचली त्यांनी त्यात फक्त नावं घातली.

गावाच्या आजूबाजूला अर्धवट खणून सोडलेल्या विहिरी होत्या. त्यांच्यात बोरीचे काटे टाकलेले असायचे आणि लहान पोरांना तिकडे फिरकू देत नसत. त्या का सोडल्या विचारलं तर एकच उत्तर मिळायचं, "लाल लागली." आमच्या त्या पट्टीत असं होतं की विहीर खणताना लाल माती लागली म्हणजे धरतीमाय विटाळशी झाली. तिला आणखी टोचायचं नाही. कामावरची माणसं अवजारं वर काढायची, लिंबू ठेवायचं, काटे टाकायचे, खेळ खलास. कुणाच्या आज्याने सांगितलं, कुणाच्या पणज्याने, पण मानायचे सगळे. आणि दुसऱ्या जागी पुन्हा खणायला सुरुवात करायचे, पुन्हा लाल लागेपर्यंत. आज हे लिहितानाही मला संताप येतो. ज्या थराखाली पाणी आहे बरोबर त्याच थरावर पिढ्यान्‌पिढ्या थांबायचं, आणि थांबण्याचं कारण काय, तर ती बाईसारखी झाली!

विहिरीचं काम सोमा मिस्त्रीच्या टोळीला दिलं होतं. धिप्पाड माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात विडी. त्याने उकरलेल्या मातीवर दगडमाती दोराने वर ओढायची यारी उभी केली, खाली उतरायला एका कडेने पायऱ्या ठेवल्या, आणि घणाचे आवाज सुरू झाले. वरून मुरूम निघाला, मग काळा पत्थर लागला. सुरुंग उडाला की टेकडी तो आवाज परत द्यायची, आणि गोठ्यातली गाय कान टवकारायची. माय रोज त्या टोळीसाठी चहा न्यायची आणि लांबून खड्ड्यात वाकून बघायची. अगदी काठावर जायची तिला परवानगी नव्हती. खणत्या विहिरीवर बाईची सावली पडू नये असाही एक नियम होताच. नियमांची आमच्याकडे कधी टंचाई पडली नाही.

तो दिवस उजाडला तेव्हा मी गोठ्यात बसलेली होते. ऐन दुपारी घण थांबले. मला वाटलं जेवायला बसले असतील, पण यारीचाही आवाज येईना. मग माय आली. भाकर टाकायला आली होती, पण ती भाकर हातातच धरून उभी राहिली, आणि त्या दिवशी तिने गाईकडे पाहिलं नाही.

"लाल लागली वं, इमले," ती म्हणाली. माझं नाव विमल, पण घरात मी इमलीच होते.

"मंग?"

"मंग काय? बंद कराले सांगतलं. सोमा मिस्त्री अवजारं काढून राह्यला. तुये मोठेबाबा काटे आणाले गेलते, ते बी आले."

"अन्‌ बाबा काय म्हणाले?"

"ते काय म्हणतेत? उभे आहेत." तिने भाकर ताटात टाकली आणि पदराने तोंड पुसलं. "जाऊ दे. निंदन तं निंदन. दुसऱ्याच्या वावरात का लोक जगत नाईत?"

मायला मी रडताना क्वचितच पाहिलं होतं. त्या दिवशीही ती रडली असं म्हणता येणार नाही. तिने फक्त वाडीकडे पाठ केली. जी बाई झोपेतून उठल्याबरोबर आधी वाडीकडे बघायची, ती वाडीकडे पाठ करून उभी होती. माझ्या डोक्यात सणक गेली. मी ताट सरकवलं आणि उठले.

"कुठं चालली? इमले! बस खाली! तू दूर बसली आहे ना वं!"

मी वांग्याच्या वाफ्यांमधून सरळ विहिरीकडे चालत गेले. झाडांना माझा परकर लागत होता आणि मी तो आवरला नाही. विहिरीवर सोमा मिस्त्री, त्याची माणसं, बाबा आणि मोठेबाबा उभे होते. बोरीच्या काट्यांचा भारा काठावर येऊन पडलेला होता. मला बघून टोळीतली माणसं दोन पावलं मागे सरकली, जणू मी साप घेऊन आले होते.

"तू कायले आली इथं?" मोठेबाबा ओरडले. "तुले काई समजते का नाई? दूर बसली ना तू?"

"हो, दूरच बसली आहो," मी म्हणाले. "मोठेबाबा, काटे नका टाकू. लाल फोडा. पाणी तिच्या खालीच आहे."

"कोनं सांगतलं तुले?"

"टेकडीनं. वर पाहा ना. दोन लाल पट्टे आहेत, दोन्हीच्या खाली झाडं हिरवी आहेत. धार बी लालच्या खालीच आहे. हे तिसरी लाल आहे. तिच्या खाली बी जाळीचाच दगड निघन."

सोमा मिस्त्रीने विडी विझवली. त्याचा आवाज चढला नाही, आणि मला त्याचा राग आलाही नाही. तो खरोखर भ्यालेला होता. "पोरी, माया बापानं लाल फोडली नाई, आज्यानं फोडली नाई. लाल फोडली का धरतीमाय कोपते. मी माया माणसाले खाली उतरवत नाई."

"मंग नका उतरवू," मी म्हणाले. "मले उतरता येते."

"इमले!" मोठेबाबांनी काठी आपटली. "घरी जा म्हणतो! घराण्याचं नाव घालवतं का?"

तेव्हा मी ते बोलले. ठरवून बोलले नाही, पण बोलल्याचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही. "मोठेबाबा, तुमी दर पंधरा ऑगस्टले सांगता, गोऱ्याच्या राजाले भेलो नाई. अन्‌ ओंजळभर लाल मातीले भेऊन राह्यले? तिचा कायले विटाळ? ती माती आहे. अन्‌ माया विटाळ म्हणसान, तं मी बी उभीच आहो तुमच्या समोर. काय झालं? आभाळ पडलं?"

मोठेबाबांनी काठी पुन्हा आपटायला उचलली. त्यांना कुणी असं बोललं नव्हतं, निदान गोरे गेल्यापासून नाही. ती खाली यायच्या आत मी पायऱ्या उतरू लागले. खाली गारवा होता आणि सुरुंगाच्या दारूचा वास होता. तळाला लाल माती ओलसर चमकत होती, कुंकवाच्या करंड्यासारखी. कुणीतरी एक सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, भिंतीला टेकवून तिथेच विसरलं होतं. मी ती उचलली. जड होती. पहिला घाव घातला तो तिरपा गेला आणि मनगटाला झिणझिण्या आल्या. दुसरा आत रुतला. वरून मोठेबाबांचा आवाज येत होता, "गेलं! सारं गेलं! बाटवली विहीर!" आणि मी मोठ्याने म्हणाले, "बाटली ना? मंग आता खणाले काय हरकत आहे?" खालून बोललेलं विहिरीत दुप्पट होऊन वर जातं, हे मला तेव्हाच कळलं.

किती वेळ मी एकटी खणत होते ते आठवत नाही. हाताला फोड आले, चिकट मातीत सब्बल रुतायची आणि निघता निघायची नाही. मग पायऱ्यांवर बांगड्यांचा आवाज आला. माय उतरत होती. तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता, तो तिने कंबरेला खोचला होता, आणि वर तिचे भासरे उभे होते. ती तळाला आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि सब्बलीवरचा माझा हात तिने आपल्या हातात धरला. त्या दिवसांत तिने मला हात लावायची ती पहिली वेळ. माझ्या फोडांकडे तिने पाहिलं.

"अशी नाई धरत," ती म्हणाली. "आन इकडं. मी खणतो, तू टोपलं भर."

मग तिने वर तोंड केलं. भिंतीकडे नाही, सरळ वर. "भाऊजी," ती म्हणाली, आणि मला वाटतं लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना मारलेली ती पहिली हाक, "ते काटे बाजूले करा. आमच्या अंगावर पडतीन."

थोड्या वेळाने यारी करकरली. दोराला बांधलेलं रिकामं टोपलं झुलत झुलत खाली आलं. मी वर पाहिलं तर यारीच्या दांड्यावर बाबा होते. गालात तंबाखू होती, त्यामुळे त्यांना बोलायची सोय नव्हती, किंवा न बोलायची सोय त्यांनी करून ठेवली होती. त्यांनी फक्त मान हलवून टोपल्याकडे इशारा केला, भर म्हणून.

सोमा मिस्त्री टोळी घेऊन निघून गेला. पुढचे काही दिवस आम्ही तिघंच होतो, दोघी खाली आणि बाबा वर. गाव काठाकाठाने येऊन बघून जायचं. बायका लांब उभ्या राहायच्या आणि मायला हळूच विचारायच्या, "भेव नाई लागत का वं?" माय म्हणायची, "खाली थंडगार लागते, या बसाले." दुपारी काठावर बसून आम्ही भाकर आणि कांदा खायचो, त्याच लाल हातांनी. एका ताटात. मधेच माझे ते दिवस संपले. डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. मी मुद्दाम घेतलं नाही, आणि मायने विचारलंही नाही. लाल संपत आली तशी तिच्यात पांढरे खडे दिसायला लागले. मी एक उचलून पुसला. बिट्ट्यांचा खडा. मी ओरडले, "माय, जाळी आली!"

मायने सब्बल दोन्ही हातांनी उचलून घातली. दगड आवाजाने फुटायला हवा होता, तो तसा फुटला नाही. सब्बल आत गेली आणि सैल झाली. तिने ती उपसली. भोकातून आधी नुसती फुसफुस ऐकू आली आणि मग पाणी आलं, विटकरी रंगाचं, गार, घोट्याभोवती चढत. आम्ही दोघी बावळटासारख्या त्यात उभ्या राहिलो. वरून बाबा पहिल्यांदा बोलले, "अवजारं घेऊन वर या, बुडसान!" बाबांचं बहुधा त्या वर्षातलं सर्वांत लांब वाक्य.

पाणी दोन-चार दिवसांत निवळलं, आणि वैशाखातही आटलं नाही. मोठेबाबांनी मात्र हट्ट धरला. पोरीने माफी मागावी, डोक्यावरून न्हावं, विहिरीची शांती करावी, तोवर ते त्या विहिरीचं पाणी पिणार नाहीत. मी म्हणाले, कसली माफी, पाणी आलं त्याची? ते शेवटपर्यंत त्या विहिरीचं पाणी प्याले नाहीत. शब्दाचे पक्के होते, एवढं त्यांना दिलंच पाहिजे. त्या पाण्यावरची वांगी मात्र भिंतीवरून मागून घ्यायचे, आणि भाजीत सांभार कमी पडला तर तक्रारही करायचे. गोठ्यासाठी वाडीची जागा त्यांना मिळाली नाही. हळूहळू गावातल्या काटे टाकलेल्या विहिरीही लोकांनी उघडल्या; कुणी आम्हाला सांगून नाही, गुपचूप, शेजाऱ्याला दिसणार नाही असं करून. त्यातल्या एकीवर सोमा मिस्त्रीच काम करत होता. मी तिथून जाताना त्याने टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

आता त्या विहिरीशी एक छोटं देऊळ झालं आहे. देवीने स्वप्नात येऊन जागा दाखवली आणि पाणी लागलं, असं तिथला पुजारी सांगतो. मोठेबाबांच्या मुलांनी संगमरवरी पाटी लावली आहे आणि पाटीखाली रंगाने लिहिलं आहे की विटाळशी बायकांनी विहिरीच्या कठड्यावर येऊ नये. दरवर्षी मी गावी जाते तेव्हा त्या कठड्यावर जाऊन बसते, पाटीला पाठ टेकून. गावातल्या पोरी येतात, त्यांना टेकडी दाखवते, लाल पट्टे दाखवते, आणि ही विहीर कोणी, कोणत्या दिवसांत फोडली ते मोठ्या आवाजात सांगते. पुजारी टाळ वाजवायला लागतो. मी त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलते. चाळीस पोरींच्या वर्गात कमावलेला आवाज आहे माझा.

पण मला शेवटी आठवतं ते वेगळंच. पाणी लागल्यानंतरच्या महिन्यात माझी वेळ आली. सवयीने मी गोधडी काखेत घेतली, ताट-लोटा उचलला आणि गोठ्याकडे निघाले. माय वाडीत नवीन वाफे करत होती. भर उन्हाळ्यात पेरलेला सांभार तिने तिथे उगवून दाखवला होता.

"कुठं चालली?"

"गोठ्यात. कावळा शिवला."

मायने कंबर सरळ केली. टेकडीकडे पाहिलं, मग ओट्यावर बसून आमच्याकडे बघणाऱ्या मोठेबाबांकडे पाहिलं. पदर तिच्या खांद्यावर होता. तिने तो तिथेच राहू दिला.

"शिवला तं शिवू दे," ती म्हणाली, ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात. "गोधडी ठेव घरात, अन्‌ विहिरीवरून घागर भरून आण. सांभाराले पाणी द्याचं आहे."